नंदगडच्या कौलारू घराला कॅमेरे: आई वायफायचा प्लग काढते, तिथं काय टिकेल?

नंदगडची_लेक

नमस्कार मंडळी. माहेर नंदगड, मी पुण्यात हडपसरला. घरी आई-बाबा दोघंच, बाबा ७१ वर्षांचे. घर जुनं आहे: चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं पडवी, मागं परसू आणि परसाच्या टोकाला गोठा. गोठ्यात आता जनावर नाही. बोअरचा स्टार्टर, फवारणीचा पंप आणि खताची पोती असतात. मागच्या महिन्यात एका रात्रीत बोअरची केबल कापून नेली. कुत्रं भुंकलं होतं, पण बाबांना वाटलं कोल्हा असेल, आणि कूस बदलून झोपले.

बेळगावातल्या एका दुकानदारानं चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), १ टीबी डिस्क, वायरिंगसकट साडेअठरा हजार सांगितले. दुसरा म्हणतो, वायरचा जमाना गेला, वायफायचे घ्या. तिसऱ्यानं थेट सोलरवर चालणारा सिमवाला कॅमेरा दाखवला. मला मोबाइलवर घर दिसलं तर आवडेल, खोटं कशाला बोलू. पण अडचण आमच्या आईची आहे. ढग गडगडले की ती टीव्ही, फ्रिज, वायफाय, सगळ्यांचे प्लग काढते. दोन वर्षांपूर्वी वळवात राउटर जळाला, तेव्हापासून. झोपतानाही वायफाय बंद, "रातभर कशाला जाळायचं" म्हणून. म्हणजे चोर यायच्या वेळेलाच नेट नाही. काय घ्यावं?

तिसरं_गेट

मी टिळकवाडीत फ्लॅटला दोन वायफायचे लावलेत. नेट नसलं तरी आतल्या मेमरी कार्डावर रेकॉर्ड होतं, फक्त मोबाइलवर तेवढा वेळ दिसत नाही. अर्ध्या तासाचं काम. पण माझा दुसरा मजला आणि तुमचा परसू यात फरक आहे, आणि चोरानं कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर गेलं.

वायरवाला_शहापूर

अक्का, चौदा वर्षं हेच काम करूलालोय, खानापूर तालुक्यात पुष्कळ घरं केलो. तुमच्या आई बरोबर करूलाल्यात. वळवात वीज लांब कुठं पडली तरी लाइटीच्या आणि नेटच्या वायरीतून झटका आत येतो. त्यांना प्लग काढू नका म्हणू नका. नेट नसतानाही चालेल असंच घ्या. म्हणजे वायरचा, डीव्हीआरवाला. नेट असलं तर मोबाइलवर दिसतं, नसलं तर आपलं रेकॉर्ड करत बसतो.

सोलरचा सिमवाला शेतात बरा. पण तुमच्याकडं जूनपासून ऑगस्टपर्यंत ऊन कुठं बघूलालाय? कणकुंबी-जांबोटीकडं लावलेले पावसाळ्यात आठ-आठ दिवस मेलेले असतात.

डीव्हीआर आणि कॅमेऱ्याचा सप्लाय दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. चार कॅमेऱ्यांना सगळं मिळून ३०-४० वॅट लागतं, पंख्याच्या निम्मं. तारेवर झाड पडून दीड दिवस लाइट गेली तर इन्व्हर्टरही हात टेकतो, ते वेगळं.

आता खरी गोष्ट. कौलारू घराला कॅमेरा बसवताना सगळे एकच चूक करतात, मीपण पहिली दोन वर्षं केलो. पाऊस लागू नये म्हणून पडवीच्या वळचणीला, कौलाच्या अगदी खाली ठोकतात. दिवसा झकास दिसतं. रात्री कॅमेऱ्याचा न दिसणारा उजेड वरच्या कौलावर आणि बाजूच्या चुन्याच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि चित्रात नुसतं पांढरं धुकं. माणूस आला तर भूत आल्यासारखा दिसतो. म्हणून वाशापासून हातभर खाली, पुढं काढून, खांबाला लावा. उंची आठ-नऊ फूट. त्याच्या वर गेला की माणसाचं डोकंच दिसतं, तोंड नाही.

दुसरं, कोळी. त्या उजेडाला किडे येतात, किड्यांना खायला कोळी येतो आणि बरोबर काचेपुढं जाळं विणतो. वाऱ्यानं जाळं हललं की मोबाइलवर "हालचाल" म्हणून रात्रभर टिंग टिंग. पंधरा दिवसांनी खराटा फिरवायचा, एवढं बाबांना सांगून ठेवा. माझ्या निम्म्या तक्रारी खराट्यानंच मिटतात.

जोड उघडा ठेवू देऊ नका. पहिल्या पावसात पाणी जातं, दुसऱ्या पावसाळ्यात पिन हिरवी पडते आणि चित्राला रेघा येतात. प्रत्येक कॅमेऱ्यामागं डबा पाहिजेच, आणि वायर डब्यात खालून वर चढलेली पाहिजे, वरून खाली उतरलेली नको.

डिस्कचा हिशेब सांगतो. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट (एमबीपीएस) धरलं तर दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेरे, १ टीबी, म्हणजे दहा-अकरा दिवस. चित्र जास्त दाबून साठवणाऱ्या एच.२६५ मध्ये १ एमबीपीएसवर ठेवलं तर तीन आठवडे. तुम्ही गणपतीला येऊन दिवाळीला परत येणार असाल तर कॅमेरा बघणारं तिथलं कुणीतरी लागतंय.

आणि पासवर्ड तुमच्या हातानं, तुमच्या मोबाइलवरून टाका. बसवणाऱ्याकडं मुख्य खातं ठेवू नका. मी बसवलो तरी माझ्याकडं नको. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षा तपासणी सक्तीची झालीय, तेव्हा गोदामातला जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नंबर बघून घ्या.

नंदगडची_लेक

अण्णा, खूप आभार. हे आईला वाचून दाखवलं. प्लगचं ऐकून ती खूश आहे, "बघ, मी सांगत होते." पण तिचा नवा प्रश्न: "पडवीत बसून मी केस विंचरते ते पुण्यात दिसणार काय?" मला हसू आलं, मग नाही आलं. सकाळची तिची पडवी तिची आहे. पुढचा कॅमेरा फक्त फाटकाकडं वळवता येतो का? आणि समोरच्या काकूंचं दारही दिसायला नको, आधीच बांधावरून बोलणं बंद आहे.

सायरनचंही कुणी सांगा. कॅमेरा बघत राहील, पण बाबांना जागं कोण करणार?

निपाणीचा_अप्पा

ताई, माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. लग्नाला गेलो होतो, घर फुटलं. कॅमेरे चार, चालू. डीव्हीआर टीव्हीखाली, निळा दिवा लुकलुकत. चोरांनी दागिने नेले आणि जाताना डीव्हीआरही काखेत मारून नेला. मग शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दिसले, तर त्याचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढं. चित्रातली वेळ आणि चोरीची वेळ काही जुळेना. पोलिसांना वेळ समजावून सांगण्यातच आमची सकाळ गेली. तेव्हा डीव्हीआर लपवा आणि महिन्यातून एकदा त्याचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. नेट बंद असलं की ते आपोआप जुळत नाही.

चित्रण कोर्टात द्यायची वेळ आली तर सोबत प्रमाणपत्र लागतं, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३, पूर्वीचं ६५ब. म्हणून मूळ डिस्कवरचं काही पुसू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप म्हणजे पुरावा असं समजू नका.

वायरवाला_शहापूर

आईंचं बरोबर आहे. चित्रात काळा चौकोन टाकता येतो, तेवढा भाग दिसतही नाही, रेकॉर्डही होत नाही. काकूंच्या दारावर एक टाकू, पडवीच्या बाकावर एक. फाटकाला ६ एमएमची लेन्स घ्या. रुंद दिसत नाही, पण तोंड ओळखू येतं. रुंद दिसणारी २.८ ची परसाला.

सायरनला तुमच्याकडं दोनच सेन्सर पुरेत. एक गोठ्याच्या दाराला चुंबकाचा, एक माजघरात अंगाच्या उष्णतेवर चालणारा. माजघरातला कुणी घरात नसतानाच चालू करायचा, नाहीतर बाबा रात्री पाण्याला उठले की गल्ली जागी. चुंबकवाल्याला पावसाळ्यात लाकूड फुगून फट बदलते आणि तो उगाच बोंबलतो. मे महिन्यात बसवलेला जुलैत एकदा सरकवावा लागतो.

फोन करणारं यंत्र घेणार असाल तर सिम बघून घ्या. स्वस्तातली पुष्कळशी २जीवर चालतात, आणि जिओचं २जी नाहीच. पहिला नंबर शेजाऱ्याचा टाका, तुमचा दुसरा. पुण्यातून तुम्ही करणार काय?

नंदगडची_लेक

ठरलं. तीन कॅमेरे: फाटक, परसू, गोठा. चौथ्याच्या पैशात सायरन. पहिला नंबर कुणाचा, यावर रात्री फोनवर तासभर गेला. बाबा म्हणाले, समोरचाच टाक, धावून येईल तर तोच येईल. म्हणजे बांधाचं भांडण आहे तिथंच! आज सकाळी बाबा स्वतः नंबर मागायला गेले आणि चहा पिऊन आले.

डीव्हीआर माळ्यावर भाताच्या कणगीमागं ठेवतोय.

वायरवाला_शहापूर

कणगीमागं नको, अक्का. उंदीर वायर खातंय, आणि बंद जागेत डीव्हीआर तापतोय. देवघराच्या वरच्या फळीवर जाळीचा डबा करून देतो. शनिवारी खानापुरात एक काम आहे, तिथून येतो. बाबांना घरी थांबायला सांगा, आणि शिडी आहे काय विचारून ठेवा.