'सेकंड फिडल' म्हणजे री ओढणं का?

'प्ले सेकंड फिडल' (शब्दशः दुसरं व्हायोलिन वाजवणे) याला मराठीत 'री ओढणे' म्हणावं, असं कुणी सुचवलं तर मला ते पटणार नाही. री ओढणारा होला हो करतो, तेही बहुधा राजीखुशीने. इंग्रजी प्रयोगात मागे राहावं लागल्याची बोच आहे. खरं तर स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या मेळात, दुसऱ्या व्हायोलिनचं काम काही हलकं नसतं, पण भाषेला त्याचं सोयरसुतक नाही. आपल्या शाहिरामागचे झीलकरी आठवले, तरी 'झील धरणे'तही ती बोच येत नाही. तेव्हा 'दुय्यम भूमिका घ्यावी लागणे' हे रुक्ष भाषांतरच बरं.

'हार्प ऑन'ला मात्र 'तेच तुणतुणं वाजवणे' चपखल बसतं. इंग्रजीतला जुना प्रयोग 'एकाच तारेवर हार्प वाजवणे' असा. शेक्सपियरच्या 'तिसरा रिचर्ड' नाटकात राजा एलिझाबेथ राणीला ती तार छेडू नका, असं बजावतो. आजच्या मोठ्या हार्पला ४७ तारा असतात. एवढ्या तारा सोडून एकीलाच धरून बसायचं, हा हट्ट झाला. तुणतुण्याला मुळात तारच एक, ते बिचारं दुसरं काय वाजवणार? मराठी टोमणा जास्त झोंबतो तो त्यामुळे.

'पावरीवाल्याला पैसे देणारा सांगेल ती धून' या अर्थाची इंग्रजी म्हण आणि आपली 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' या सख्ख्या बहिणी वाटतात. पण पहिली पैसे देणाऱ्याच्या बाजूने बोलते, दुसरी खाणाऱ्याच्या. वाक्यात कर्ता कोण, ते बघून वापरावी.

'पुल आउट ऑल द स्टॉप्स'मध्ये 'स्टॉप' म्हणजे अडथळा समजून 'सर्व अडथळे दूर केले' असं लिहिण्याचा मोह होतो. हे स्टॉप चर्चमधल्या पाइप ऑर्गनचे. खुंटी ओढली की नळ्यांच्या त्या संचाला हवा मिळते. सगळ्या ओढल्या की पूर्ण आवाज. इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू आर्नल्डने १८६५ साली हीच कल्पना लाक्षणिक अर्थाने वापरली. हार्मोनियमच्या पुढच्या खुंट्या ओढलेल्या कुणालाही हे चटकन समजेल. संगीत नाटकांच्या साथीला असणाऱ्या पायपेटीलाही त्या असतात. मराठीत 'सगळी ताकद पणाला लावणे' म्हणावं. 'जिवाचं रान करणे'ही चालेल, पण त्यात दमछाक जास्त आणि दणदणाट कमी.