मदत हवी आहे: आश्रमशाळेची मुलं फुटबॉलच्या निवड चाचणीत मागे का पडतात, आणि वर्षभरात काय करता येईल?

मोखाडा_माळ

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका आश्रमशाळेसाठी सल्ला हवा आहे. ११ ते १५ वयाचे २३ मुलगे आणि १४ मुली रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतात. मैदान मुरुमाचं, धड असलेले चेंडू तीन. शिकवणारे शिक्षक जीव ओतून शिकवतात, पण त्यांनी फुटबॉलचं प्रशिक्षण घेतलेलं नाही.

यंदा आठ मुलगे मुंबईत एका निवासी अकादमीच्या चाचणीला गेले. हजेरी सकाळी ७ ची, म्हणून प्रवास रात्रीचा आणि झोप नाही. दोघांना कागदांवरच थांबवलं: एकाच्या दाखल्यावर १ जून आणि आधारवर दुसरी तारीख, दुसऱ्याच्या जन्मदाखल्यावर नावच नाही. उरलेले सहा कृत्रिम हिरवळीवर २० मिनिटांचा ११ विरुद्ध ११ सामना खेळले आणि सगळे बाद झाले.

पुढच्या वर्षापर्यंत नेमकं काय करावं? मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी अर्ध्या तासात धापा टाकतात, काही खेळणंच सोडतात. सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेचे तालुका-जिल्हा सामने जुलैत येतात, तेव्हा शाळा सुरू होऊन जेमतेम महिना झालेला असतो. शिवाय एक गृहस्थ 'थेट निवड करून देतो' म्हणून प्रत्येक पालकाकडे पैसे मागत आहेत. दोन पालक वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यायला निघालेत.

डावखुरा

आधी त्या उचलीचं. आजच जाऊन पालकांना थांबवा. ज्या अकादमीला मूल खरंच हवं असतं ती मधल्या माणसामार्फत पैसे घेत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादम्यांना मान्यता आणि तारांकन देतो. त्या माणसाला अकादमीचं नाव लेखी मागा आणि मान्यता यादीत ते आहे का ते पाहा. मूळ दाखले कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्सवर 'फक्त निवड चाचणीसाठी' असं लिहून तारीख टाका. उचल घेतली की ते कुटुंब पुढचा हंगामभर भट्टीला बांधलं जातं आणि बहुतेक वेळा तो मुलगाही त्यांच्याबरोबर विटा वाहायला जातो. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे भरले, त्याचाच खेळ बंद.

आता चाचणीबद्दल. २० मिनिटं, २२ मुलं, एक चेंडू. सरासरीने एकेकाच्या पायाशी चेंडू मिनिटभरही येत नाही. तेवढ्यात बघणाऱ्याला उंची, धाव आणि लांब मारलेली किक एवढंच दिसतं. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचाही फरक असू शकतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जगभरच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते. ज्याला लहानपणी पोटभर मिळालं नाही त्याची वाढ आणखी उशिरा होते. तुमची मुलं या दोन्ही बाजूंनी मार खातात. ती खेळात कमी आहेत असं यातून अजिबात सिद्ध होत नाही.

म्हणून निवड आधी तुमच्या माळावर करा, आणि ती एका दिवसात करू नका. १६ मुलं घ्या. ३० × २० मीटरची दोन मैदानं फक्कीने आखा. गोल दोन मीटर रुंद ठेवा, गोलकीपर नको. ४ विरुद्ध ४, पाच मिनिटांचा सामना, तीन मिनिटं विश्रांती. प्रत्येक सामन्याआधी चिठ्ठ्या टाकून संघ नव्याने पाडा. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला ३ गुण, बरोबरीत १. दिवसाला सात-आठ सामने, असे चार रविवार. संघ सतत बदलत असूनही ज्याचे गुण वर राहतात तो मुलगा आजूबाजूच्यांना जिंकवतो आहे. हे कुठल्याही शर्यतीत दिसत नाही. चिठ्ठ्या टाळल्या तर एका पाड्याची मुलं एकत्र येतात आणि आपसातच पास देतात, मग सगळी मोजणी वाया.

गुणांशेजारी तीनच गोष्टी टिपा. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहतो का? पायातला चेंडू समोरच्या संघाने घेतल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय करतो? दुसरा पाय वापरतो का? गोल किती मारले हे शेवटी.

दर तीन महिन्यांनी उंची घ्या. टेप भिंतीला कायमची चिकटवा, मूल अनवाणी, टाच भिंतीला, डोक्यावर काटकोनात जाड पुस्तक. वेळ सकाळचीच हवी, कारण संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की ते मूल झपाट्याच्या वाढीत आहे. अशा वेळी पाय अडखळतात, चेंडू लांब जातो, गुडघ्याखालच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो. त्याला वगळू नका, उड्या आणि धावणं कमी करा. उशिरा वाढणाऱ्याला वहीत वेगळी खूण करा आणि चाचणीला जाताना ही वही बरोबर न्या. चांगला निवडकर्ता ती उघडून बघतो.

दप्तरी

कागदांचं काम ट्रायलच्या आठवड्यात होत नाही. दिवाळीआधी हात घाला.

१ जून ही आपल्याकडची जुनी खोड. पहिलीत घालताना वय सहा भरावं म्हणून तारीख ठोकून देतात. मूल शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकांच्या प्रस्तावावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने, जन्मदाखल्याच्या आधारे दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला निघाला की ही वाट जवळपास बंद. म्हणून सातवी-आठवीतच उरका.

दाखल्यावर नाव नसणं वेगळं प्रकरण आहे. जन्माची नोंद आहे, पण बारसं व्हायच्या आधी झाली. अशी नोंद झाल्यापासून १५ वर्षांच्या आत नाव घालता येतं. ग्रामपंचायतीत पालकांचा अर्ज, शाळेचा बोनाफाईड, पालकांचं आधार. हे सोपं आहे.

नोंदच नसेल तर अवघड. आधी ग्रामसेवकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नोंद नसल्याचा दाखला. एक वर्षाहून जुन्या जन्मासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याआधी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. लसीकरण कार्ड, अंगणवाडीची नोंद, दवाखान्याचा कागद, जे सापडेल ते जोडा. सध्या छाननी कडक आहे, सहा महिने धरून चाला. क्रम पाळा: आधी जन्मदाखला, मग शाळेचं रजिस्टर, शेवटी आधार. आधारमध्ये जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते. ती आधी चुकीच्या दाखल्यावरून बदलून घेतली की सगळं अडकतं.

आणि कुणी सुचवलं तरी वय कमी करून घेऊ नका. वरच्या पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. तिथे पकडलं गेलं तर मूल कायमचं बदनाम होतं.

बालरोग_डहाणू

मुली 'सोडतात' असं म्हणण्याआधी त्यांचं हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अर्ध्या तासात धाप लागणारच. त्यात तिचा आळस नाही.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी येते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. ती जेवणानंतर, समोर उभं राहून द्या. हातात दिली की खिशात जाते, कारण रिकाम्या पोटी मळमळतं आणि शौच काळी झाली की मुली घाबरतात. हे आधीच सांगून ठेवा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. वर्षातून दोनदा जंताची गोळी चुकवू नका. १२ च्या खाली असेल तर मात्र आठवड्याच्या गोळीवर भागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपचाराचा पूर्ण डोस घ्यावा लागतो.

दुसरं, आणि हे कृपया टाळू नका: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. तुमच्या पट्ट्यात हा आजार आहे. वाहक असलेलं मूल, म्हणजे एएस, जरूर खेळू शकतं. पण सरावाचं प्रमाण हळूहळू वाढवा, दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावू नका. 'पायातली ताकद गेली' म्हणालं की तिथेच बसवा, सावलीत न्या, आणि लगेच बरं वाटलं नाही तर दवाखान्यात. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर किती खेळायचं आणि लोहाची गोळी द्यायची का, हे डॉक्टरच ठरवतील.

दुपारी बाराचं जेवण आणि पाचला सराव, म्हणजे मूल रिकाम्या पोटी धावतं. चारला मूठभर भाजलेले चणे आणि गूळ द्या. फरक महिन्याभरात दिसेल.

मोखाडा_माळ

सगळ्यांचे आभार. उचल थांबवली आहे. दोन शंका: मैदान बदलता येणार नाही, मग हिरवळीची सवय कशी लावायची? आणि जुलैच्या सामन्यांची तयारी कधी करायची? मे महिन्यात मुलं घरी, काहींचे आईबाप अजून भट्टीवर.

पेठेतला_गोली

मुरुमावर चेंडू उडतो म्हणून मुलं तळव्याखाली दाबून थांबवायला शिकतात. हिरवळीवर हे बघणाऱ्याला खटकतं. १५ × १० मीटरचा एकच पट्टा खडे वेचून, पाणी मारून धुमसाने चोपून घ्या. त्यावर रोज १५ मिनिटं एवढंच: येणारा चेंडू त्याच्यापासून लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्यायचा, अंग अर्धं वळलेलं, दुसऱ्या स्पर्शात पास. चाचणीला आदल्या दिवशीच पोहोचा, मुक्कामाची सोय आधी करा आणि शक्य झालं तर संध्याकाळी तासभर कुठल्याही टर्फवर त्याच बुटांत खेळवा. बूट बारीक रबरी खुट्ट्यांचे टर्फ शूज घ्या. ते मुरुमावर आणि हिरवळीवर दोन्हीकडे चालतात. लांब स्टडचे बूट कडक जमिनीवर टाचा दुखवतात.

चेंडू बारा वर्षांखाली ४ नंबर, वर ५ नंबर. मुरुमावर गुळगुळीत कव्हरचा महाग चेंडू दोन महिन्यांत सोलून निघतो, रबरी कव्हरचा घ्या. सुई ग्लिसरीनमध्ये बुडवूनच घाला. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते, आणि बहुतेक चेंडू खेळून नाही, असेच मरतात.

जुलैचं उत्तर आदल्या वर्षात आहे. ऑगस्ट ते दिवाळी आणि जानेवारी ते एप्रिल हेच तुमचे दोन हंगाम. शेजारच्या चार-पाच आश्रमशाळा धरून ७ विरुद्ध ७ ची छोटी लीग लावा, प्रत्येक मुलाला वर्षात किमान २० सामने मिळाले पाहिजेत. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र द्या, गाडीची परवानगी तिथूनच निघते. कोल्हापूरचा फुटबॉल पेठेतल्या तालमींनी असाच जगवला: संघ गल्लीचा, सामने दर मोसमात, बघायला सगळं गाव. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहरातला, क्रीडा प्रबोधिनी या सरकारी निवासी क्रीडा केंद्रातून पुढे गेलेला. तुमच्या मुलांसाठीही प्रबोधिनीची चाचणी बघाच. तिथे आधी धावणं, उडी, लवचिकता, ८०० मीटर असं मोजतात, त्यात डोंगरातली मुलं मागे राहत नाहीत.

एक सूचना. सुब्रतो शाळांची स्पर्धा आहे, त्यातून महासंघाची खेळाडू-नोंदणी होत नाही. ती संलग्न क्लबमार्फत होते. पण एकाच क्लबकडे सगळ्यांची नोंद घाईने करू नका, पुढे दुसरीकडे जाताना त्या क्लबची संमती लागते. सोडताना अडवणार नाही, असं आधी लेखी घ्या.

सातपाटीची_मावशी

मुलींबद्दल राहिलंच. मैदानाजवळ दार लागणारी, पाणी असलेली एक खोली हवी, एवढ्याने निम्म्या मुली टिकतात. काळी किंवा गडद निळी चड्डी, आत सायकलिंग शॉर्ट्स. बाहेरगावी सामना असेल तर एक बाई शिक्षिका किंवा अधीक्षिका बरोबर असलीच पाहिजे, आणि पालकांना परतीची वेळ आधी सांगा. लग्नाची बोलणी नववीत सुरू होतात, म्हणून पालकसभेत आईला बोलवा, नुसतं वडिलांना नाही.

निवासी अकादमी ठरवाल तेव्हा लेखी विचारा: शाळा कोणती, मुलींना महिला वॉर्डन आहे का, दुखापतीचा खर्च कोण करणार, आणि वर्षाच्या मध्ये काढून टाकलं तर मूल कुठे जाणार? आश्रमशाळेची जागा सोडून गेलेलं मूल नोव्हेंबरात परत आलं तर ना इथे राहतं ना तिथे. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ठेवू, असं लिहून देतील तिथेच पाठवा.

गोलच्या जाळीसाठी किनाऱ्यावर टाकून दिलेली मासेमारीची जुनी जाळी मागा, सहसा फुकट मिळतात. बांबूचे खांब मात्र दोन फूट खोल पुरा. मुलं आडव्या बांबूला लोंबकळतात आणि न पुरलेला गोल अंगावर येतो.

मोखाडा_माळ

व्हिडिओ पाठवला तर चालतो का? शाळेत एक बऱ्यापैकी मोबाईल आहे.

डावखुरा

चालतो. शाळेच्या गच्चीवरून, मधल्या रेषेच्या समोर उभं राहून, मोबाईल आडवा धरा. झूम करू नका, चेंडूमागे फिरवू नका, संपूर्ण मैदान चौकटीत राहू द्या. २० मिनिटं सलग, न कापता. फक्त गोल जोडून केलेली चित्रफीत पाठवली तर मुलगा चेंडू नसताना काय करतो हे कळत नाही, आणि बघणारा नेमकं तेच शोधत असतो. जर्सीवर पाठीमागे वीतभर उंचीचे आकडे शिवून घ्या, रंगवलेले पहिल्या धुण्यात जातात. ऊन पाठीशी हवं, म्हणजे तुमची गच्ची पूर्वेला असेल तर सकाळी, पश्चिमेला असेल तर दुपारी चारनंतर.