फिनलंडमध्ये बेघरांना आधी घर देतात, ते कसं?

प्रश्न: आमच्या स्टेशनच्या पुलाखाली वर्षानुवर्षं तीच कुटुंबं दिसतात, जीव तुटतो. फिनलंडमध्ये 'हाऊसिंग फर्स्ट' आहे म्हणे, दारू सुटायच्या आधीच घर?

मीनलताई: हो, २००८ पासून. आधी व्यसन सोड मग घर, अशी अटच नाही, थेट स्वतःच्या नावाचा भाडेकरार, भाड्याला सरकारी भत्ता आणि लागेल तशी मदत करायला माणसं. हेलसिंकीत साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं मोठं शेल्टर होतं ना, त्याचे ८१ फ्लॅट केले. मला तर हेच सगळ्यात पटतं, दाराची किल्ली आपल्याकडे!

घाटकोपरकर: आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने शहरात लाख लोकवस्तीमागे एक निवारा सांगितलाय पण निवाऱ्यात झोपायची सोय होते, घर नाही होत. रेशनकार्डापासून सगळं पत्त्यावर अडतं.

प्रश्नकर्ता: पत्त्याचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू दादा.