डीकिमची की एक्स्पायर होते का? काही सभासदांचेच मेल स्पॅममध्ये जातायत

कृष्णाकाठ:
मंडळी नमस्कार. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो, सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून मेल सर्व्हरपर्यंत. व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) मेल पाठवायला पोस्टफिक्स आणि डीकिमची सही, म्हणजे मेल आमच्याच डोमेनचा असल्याची डिजिटल खूण, करायला ओपनडीकिम आहे, २०४८ बिटची की, दोन वर्षं कसली तक्रार नाही. मागच्या महिन्यात डीएनएस (डोमेनची नोंदवही, सही तपासायची पब्लिक की त्यातच असते) दुसऱ्या होस्टिंगवाल्याकडे हलवलं आणि आता वार्षिक सभेची नोटीस पाठवली तर काही सभासद म्हणतात मेलच नाही आला, शोधलं की स्पॅममध्ये सापडतो. बाकीच्यांना बरोबर इनबॉक्समध्ये. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते आणि चेअरमनसाहेब रोज विचारतात. माझ्या जीमेलवर टेस्ट केलं तर एसपीएफ (मेल आमच्या ठरलेल्या सर्व्हरवरूनच आला का) पास, डीमार्क (एसपीएफ आणि डीकिम बघून मेलचं काय करायचं ते सांगणारी पॉलिसी) पास, ती पॉलिसी क्वारंटाइन, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये, अशी ठेवलीय. एक गोष्ट दिसली, अडचणवाले बरेच जण कॉलेजच्या नाहीतर जुन्या कंपनीच्या पत्त्यावरून जीमेलला फॉरवर्ड लावलेले आहेत. की जुनी झाली म्हणून असं होतं का?

सर्व्हरवाला_नाशिक:
डीकिमच्या कीला एक्स्पायरी नसते हो, सर्टिफिकेटसारखं नाही ते. डीएनएसमधे रेकॉर्ड आहे तोवर की जिवंत.
तुमचं दुखणं फॉरवर्डमधेच आहे. डीमार्क पास व्हायला एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक पुरतं, फक्त ते तुमच्याच डोमेनच्या नावाने पास व्हायला हवं. थेट मेल जातो तेव्हा एसपीएफ वाचवतंय. फॉरवर्ड झाला की मेल कॉलेजच्या सर्व्हरवरून येतो, एसपीएफ गेलं, आणि मग सगळा भार डीकिमवर. ते आधीपासूनच मेलेलं असणार, कुणाला पत्ताच नाही. जीमेलमधे तो मेल उघडून 'शो ओरिजिनल' करा आणि डीकिमची ओळ वाचा, डीमार्क पास बघून थांबू नका.

कृष्णाकाठ:
बघितलं. पब्लिक की चालत नाही अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय. पण मी तर जुन्या पॅनलमधून जशीच्या तशी कॉपी पेस्ट केली होती!

मेलमास्तर:
दादा, रेकॉर्ड शेवटपर्यंत वाचा. डीएनएसमधे की ज्या टीएक्सटी रेकॉर्डमधे ठेवतात त्यात एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. २०४८ ची की ३९२ अक्षरांची असते, म्हणजे ती दोन अवतरणांत तोडून टाकावी लागते. काही पॅनल स्वतः तोडतात, काही गुपचूप शेपूट कापतात आणि वर 'सेव्ह झालं' म्हणून हिरवी टिक दाखवतात. ओळखायची युक्ती सांगतो, आपण नेहमी वापरतो त्या आरएसए कीचा शेवट 'आयडीएक्यूएबी' (IDAQAB) या सहा इंग्रजी अक्षरांनी होतो. ती नसतील तर कापली गेली समजा.

अर्धवट_अ‍ॅडमिन:
एवढा कुटाणा कशाला, १०२४ ची की बनवा, एका तुकड्यात बसते, आमची पाच वर्षं चालू आहे.

मेलमास्तर:
चालते, पण काठावर. २०१८ च्या आरएफसी ८३०१ (इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) मधे १०२४ हे किमान आहे आणि २०४८ वापरा असं म्हटलंय. २०१२ मधे बातमी आली होती, झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाने गूगलची ५१२ बिटची की भाड्याच्या क्लाउडवर साधारण ७५ डॉलरमधे फोडली होती, तीन दिवसांत, आणि गूगलच्याच एका संस्थापकाच्या, सर्गेई ब्रिनच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला, लॅरी पेजला मेल पाठवून दाखवला. १०२४ म्हणजे ५१२ नाही हे मान्य, पण पतसंस्थेच्या नावाने कुणी मेल पाठवायला लागलं तर ठेवीदार काय म्हणतील?

कृष्णाकाठ:
शेपूट खरंच कापलं होतं 🙏 दोन तुकडे करून टाकलं, आता फॉरवर्डवाला मेल पण इनबॉक्समध्ये येतोय. पण हे महिनाभर मला कळलंच नाही, पुढच्या वेळी आधी कळावं म्हणून काय करायचं?

सर्व्हरवाला_नाशिक:
मी दोन गोष्टी करतो. रोज सकाळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा) डिग (डीएनएसला विचारणारी कमांड) चालवून डीएनएसमधली की आणि सर्व्हरवरची की जुळते का बघतो, आणि हे डीएनएसची उत्तरं देणाऱ्या प्रत्येक नेमसर्व्हरला वेगळं विचारायचं, कारण एखादा जुनंच उत्तर देत बसतो. पण त्याने फक्त रेकॉर्ड कळतं, ओपनडीकिम बंद पडून मेल सहीशिवाय जात असेल तर नाही कळत, म्हणून रोज एक टेस्ट मेल बाहेरच्या खात्यावर पाठवून त्याचा हेडर तपासायचा. डीमार्कचे रिपोर्ट पण येऊ द्या. झिप केलेल्या एक्सएमएल फाइली असतात, नुसत्या डोळ्यांनी वाचवत नाहीत, एखाद्या पार्सरमधे घाला आणि डीकिम फेल हा आकडा बघा. तुमच्या केसमधे तो महिनाभर ओरडत असणार.
की बदलायची तर जुन्या सिलेक्टरला (डीएनएसमधलं त्या कीचं नाव) हात लावू नका. नवीन नावाने नवी की टाका, मी तर नावातच महिना आणि वर्ष घालतो, ती सगळीकडून दिसायला लागली की मग सही तिच्याने सुरू करा. जुनी आठवडाभर तरी राहू दे, पोस्टफिक्स अडकलेला मेल पाच दिवस रांगेत धरून ठेवतो आणि त्यावर जुनीच सही असते. त्यानंतर तिच्या रेकॉर्डमधला पी (p=, जिथे की लिहिलेली असते) रिकामा करा, म्हणजे ती रद्द झाली हे समोरच्याला कळतं.
आणि डीएनएसमधे अजून कुठले सिलेक्टर पडलेत तेही बघा. पूर्वी कधी बल्क मेलवाल्याला दिलेली की तशीच असेल तर तो आजही तुमच्या नावाने सही करू शकतो.

कृष्णाकाठ:
अहो, दोन सापडले. एक २०१९ च्या न्यूजलेटरवाल्याचा, तो माणूस आता फोनही उचलत नाही. दुसरा कुणाचा आहे ते चेअरमनसाहेबांनाही माहीत नाही. दुसऱ्याचा पी रिकामा करून ठेवतो, कोण ओरडतंय ते बघू.