कातळशिल्पांच्या सड्यावर सांस्कृतिक मंडप: तो भूदृश्यात कसा सामावावा?

प्रश्न: सडेकर (तालुका राजापूर)

सप्रेम नमस्कार. आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पे आहेत. ती पाहायला येणाऱ्यांना माहिती मिळावी आणि गावाच्या नमन मंडळाला (नमन म्हणजे कोकणातले लोकनाट्य) हक्काचा रंगमंच व्हावा, या दुहेरी हेतूने दोनेकशे माणसांचा खुला मंडप उभारण्याचा विषय ग्रामसभेपुढे आहे. हाती आलेल्या पहिल्या आराखड्यात मंडपाचा अर्धा भाग कातळ खोदून जमिनीत उतरवला आहे आणि छपरावर माती पसरून हिरवळ लावली आहे, जेणेकरून इमारत लांबून दिसूच नये. हेतू चांगला आहे, तरीही खोदाईची धास्ती वाटते. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे आणि इतर काही ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली, तेव्हापासून वर्दळ वाढणार हे उघड आहे. म्हणून आज घेतलेला निर्णय पुढच्या पिढ्यांना पुरेल असा असावा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: चिरेबंदी (वास्तुरचनाकार)

जमिनीत उतरणारी सांस्कृतिक वास्तू म्हटली की भोपाळचे भारत भवन आठवते. चार्ल्स कोरिया यांनी रचलेले आणि १९८२ मध्ये खुले झालेले हे संकुल तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीवर गच्च्या आणि अंगणांच्या पायऱ्यांनी असे पसरले आहे की वरून येणाऱ्याला आधी बाग दिसते आणि दालने नंतर लागतात. मात्र ती रचना उताराची आहे. उतारावर पाण्याला पुढे वाट मिळते. सपाट कातळात खोदलेल्या खड्ड्यात आषाढातले पाणी साचून राहील आणि ते काढायला पंप लागतील. शिवाय शिल्पे ज्या कातळात कोरली आहेत तोच कातळ त्यांच्या शेजारी फोडायचा, हे मला मुळातच मान्य नाही.

हिरव्या छपराबद्दलही माझी स्पष्ट हरकत आहे. सडा पावसाळ्यात हिरवा असतो, पण चैत्र-वैशाखात तो काळपट तपकिरी आणि उघडाबोडका असतो. त्या दिवसांत पाणी घालून जगवलेली हिरवळ दोन मैलांवरूनही डोळ्यांत भरेल. त्याऐवजी गिलावा न केलेली जांभ्याची भिंत पाहावी: पावसात तिच्यावर शेवाळ चढते, उन्हाळ्यात ती पुन्हा काळवंडते, आणि सड्याचा रंग बदलतो तसा तिचाही रंग आपसूक बदलत राहतो. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीच्या कातळशिल्पाभोवती जांभ्याचीच भिंत आहे, ती अवश्य पाहून यावी. छप्पर हवेच असेल तर मंगलोरी कौलांचे, बुटके आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे वळचण खाली आणलेले असावे.

उत्तर २: दिपकाडी (वनस्पती अभ्यासक)

वरील मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्यात एक गंभीर बाब जोडतो. ज्याला आराखड्यात रिकामी जागा म्हटले जाते तो सडा रिकामा नसतो. कातळाच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर मातीवर आणि उथळ डबक्यांत पावसाचे चार महिने गेंद, सीतेची आसवे आणि कीटकभक्षी दवबिंदू या रानफुलांची दाटी असते. पावसाच्या सुरुवातीला फुलणारी कोकणातली दिपकाडी तर जगात फक्त आपल्या किनारपट्टीलगतच्या प्रदेशात आढळते. छपरासाठी ट्रकने बाहेरची माती आणली की तिच्यासोबत रानमोडीसारख्या आक्रमक झाडांचे बीही येणार, आणि सड्याच्या पातळ मातीत ते एकदा रुजले की हटवणे फार कठीण जाते.

इमारतीहून मोठे नुकसान वाहनतळ करतो. वाहनतळासाठी कातळावर भराव घातला की डबक्यांकडे येणारे पाणी अडते आणि मंडपापासून लांब असलेली तळीसुद्धा अवेळी आटू लागतात. तेव्हा वाहने गावाजवळच थांबवावीत, पुढे जुन्या पायवाटेने चालत न्यावे. ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी तेवढे एक लहान वाहन ठेवावे. आराखड्यातल्या मंडपाच्या चित्रापेक्षा या एका निर्णयावर ग्रामसभेने अधिक वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्त्याचे पुरवणी निवेदन: सडेकर

दोघांचेही आभार. सड्याच्या गावाकडील कडेला एक जुनी, बंद पडलेली चिरेखाण (बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढण्याची खाण) आहे. तिथून शिल्पे दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. त्या जागेचा विचार करता येईल का?

उत्तर ३: खाणकाठ (स्थापत्य अभियंता)

अवश्य करता येईल, आणि माझ्या मते तीच योग्य जागा आहे. जे कातळ आधीच कापले गेले आहे तिथे नव्याने इजा करावी लागत नाही, आणि खोलगट जागा असल्यामुळे मंडप सड्याच्या रेषेच्या वर डोके काढत नाही. स्वीडनमध्ये रेट्विक गावाजवळची डालहल्ला ही चुनखडीची खाण १९९० मध्ये बंद पडली आणि १९९५ पासून तिथे संगीताचे खुले रंगमंदिर चालते. खाणीच्या उंच भिंती आवाज सांभाळतात. आपल्या चिरेखाणी त्या मानाने उथळ असतात, परंतु चिरे काढताना सुटलेले टप्पे थोडेसे नीट केले तर बसायला पायऱ्या जवळजवळ तयारच मिळतात.

काळजी दोन गोष्टींची घ्यावी. पहिली म्हणजे भिंतींचा पाया. जांभ्याच्या थराखाली मऊ चिकणमाती असते. खाण तिथवर पोहोचली असेल तर पावसाचे पाणी ती माती पोखरते आणि वरचा कडा कोसळू शकतो, म्हणून एक पावसाळा नुसते निरीक्षण करून आणि भूतज्ज्ञाला दाखवून मगच बैठक आखावी. दुसरी गोष्ट पाण्याची. तळाशी साचणारे पाणी उपसण्याचा हट्ट धरू नये. नमनाचे खेळ दिवाळीनंतर सुरू होऊन शिमग्यापर्यंत चालतात, त्यामुळे तळ कोरडा पडल्यावर पोफळीचे खांब आणि झावळ्यांचा मांडव दरवर्षी घालावा व पावसाआधी उतरवावा. हे काम गावातल्या हातांना येते आणि कायमच्या छपराचा खर्च वाचतो. पक्के बांधकाम फक्त माहितीच्या खोलीचे आणि स्वच्छतागृहाचे, तेही खाणीबाहेर गावाच्या बाजूला, स्थानिक चिऱ्यात करावे. दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे आणि खाली तोंड केलेले असावेत. ग्रामसभेसमोर हा पर्याय जुन्या आराखड्याशेजारी मांडताना दोन्हींचा केवळ उभारणीचा नव्हे, तर देखभालीचा वार्षिक खर्चही लिहून ठेवावा.