आईच्या खोलीसाठी बिडाची बुखारी घ्यावी की पत्र्याची?

भिलारचा शेतकरी:
नमस्कार मंडळी. माझी भिलारला स्ट्रॉबेरीची शेती आहे. घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. पौषात रात्री दरीतला वारा कौलांच्या फटींतून आत शिरतो आणि आईचे गुडघे धरतात. वय 78.

गेल्या हिवाळ्यात तिच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून घेतलं होतं. पहाटे ती डोकं धरूनच उठली आणि दोन पावलांत भिंतीला टेकली. उचलून ओट्यावर आणली, मोकळ्या हवेत अर्ध्या तासानं सावरली. ती शेगडी त्याच दिवशी गोठ्यात नेऊन टाकली.

आता धुराडं असलेली बंद बुखारीच, म्हणजे लाकडावर खोली तापवणारी बंदिस्त शेगडी, बसवायची आहे. खोली 12 बाय 14 फूट, उंची 10 फूट. दोन बघून ठेवल्यात. एक पाचगणीतल्या जुन्या बंगल्यातून निघालेली, बिडाची, पुढं काच, उचलायला चार माणसं लागतात. 35,000 सांगतायत. दुसरी वाईत बनवून मिळते, 4 मिमी पत्रा, आत भट्टीच्या विटा, 16,000. जळण घरचंच, बांधावरच्या सिल्व्हर ओकच्या फांद्या. बीड रात्रभर ऊब धरतं म्हणतात, म्हणून मन तिकडं ओढतंय. कुणी वापरलीय का?

फॅब्रिकेशनवाला, सातारा:
दादा, बीड तापायला वेळ घेतं आणि निवायलाही, हे खरं. पण जुनं बीड घेताना मडकं घेतो तसं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे. रात्री आत बॅटरी लावून बाहेरून बघा, उजेड झिरपला की धूरही झिरपणार. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, पुन्हा चिरतं. पत्र्याला मात्र कुठलाही वेल्डर हात लावू शकतो. दोन्हींच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी बदलायला झालीय.

महाबळेश्वरची ताई:
आमच्याकडं सहा हिवाळे बुखारी आहे. भाऊ, तुमच्या एवढ्याशा खोलीला ती बंगल्यातली फार मोठी होईल. मग तुम्ही हवा कोंडून ती मंद ठेवणार, लाकूड धुमसत राहणार, आणि पाइपात डांबरासारखी काजळी धरणार. तीच पुढं पेट घेते. आमच्या पाइपातून पहिल्याच वर्षी बादलीभर खरवडून काढली. लहान बुखारी, पण मोकळी पेटलेली, हे बरं.

आणि जळण! ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं, पुष्कळशी आच ते आटवण्यातच जाते. फाल्गुनात फोडा, जमिनीपासून वर रचा, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. नाहीतर आपल्याकडच्या पावसात त्यावर अळंबी उगवतात. दोन ढलपे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला की वाळलं समजा.

पाइप सरळ वर न्या, भिंतीतून वळवून नको, प्रत्येक वळणावर धूर अडखळतो. वासे-रिपांपासून दीड फूट लांब ठेवा, आणि कौलांच्या वर निदान तीन फूट काढा. वर टोपी हवीच, जुलैचं पाणी थेट आत येतं.

भिलारचा शेतकरी:
ताई, दादा, मनापासून आभार. काल पाचगणीला जाऊन आलो. मागच्या बाजूला बोटाच्या पेरानं ठोकलं तर बद्द वाजली. बॅटरी लावली तेव्हा पाइपाच्या तोंडाखाली केसाएवढी रेघ उजळली. विकणाऱ्यालाही ते माहीत नसावं, त्यानं स्वतः वाकून बघितलं. नाही घेतली.

वाईच्याला लहान मापाची सांगितलीय, विटा दुहेरी. रात्रभर चालवायचीच नाही असं आता ठरवलंय. दिवेलागणीपासून दहापर्यंत पेटवायची, जांभ्याची भिंत तापली की पुढं ती सांभाळेल. आईच्या डोक्याशी निखारा ठेवून मला झोप लागायची नाही.

फॅब्रिकेशनवाला, सातारा:
बरोबर केलंत. एक खिडकी बोटभर उघडी ठेवाच, आगीला हवा लागते. त्या कोळशाच्या वायूला वास नसतो, म्हणून तर आईंना कळलं नाही. पहिले तीन-चार जाळ बारीक करा, विटांमधली ओल जाऊ दे.

भिलारचा शेतकरी:
करतो. जागेवरून मात्र आई अडून बसलीय. मी पलंगाच्या उशाकडची भिंत धरली होती, ती म्हणते समोरच्या कोपऱ्यात लाव, इथनं मला तुळस दिसते. तिथं वर दोन वासे आहेत, त्यांच्या मधोमध पाइप काढायला दोन्हीकडं दीड फूट सुटतंय, मोजून बघितलं. मंगळवारी गवंडी कौलं उतरवायला येतोय.