वडिलांच्या घरात ठाण मांडून बसलेल्या आतेभावाला कायदेशीर मार्गाने कसे बाहेर काढावे?

प्रश्न (नाशिक)

माझे वडील ७४ वर्षांचे असून पुण्यात कोथरूडला स्वकष्टार्जित सदनिकेत राहतात. आई गेल्यावर त्यांना सोबत हवी होती आणि आतेभावाला तेव्हाच पुण्यात नोकरी लागली होती, म्हणून २०१७ मध्ये बाबांनी त्याला आपणहून बोलावून घेतले. भाडे ठरले नव्हते, की कागद झाला नव्हता. आता झोपण्याची खोली त्याच्या ताब्यात आहे, बाबा बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात, आणि जाण्याचा विषय काढला की तो आवाज चढवून म्हणतो, "इतकी वर्षे राहतोय, आता माझाही हक्क लागला." त्याच्या आधार कार्डावर हाच पत्ता आहे. गेल्या दिवाळीपासून तो दरमहा पाच हजार रुपये बाबांच्या खात्यावर पाठवू लागला असून प्रत्येक वेळी शेऱ्यात 'भाडे' असे लिहितो. शेजारी सांगतात, तो कामावर गेला की कुलूप बदला. आत्याचे म्हणणे असे, की भाच्याला घराबाहेर काढणे मामाला शोभत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येईल का?

उत्तर १ (पुण्यात वकिली करतो)

ताई, कुलूप बदलू नका, आणि त्याचे वीज-पाणीही तोडू नका. कायदेशीर कारवाईशिवाय ताबा काढून घेतला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न न्यायालय विचारातच घेत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी आणि नातवंडे. 'नातेवाईक' या शब्दात फक्त मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाचा वारस येतो. तुम्ही त्यांची मुलगी आहात, त्यामुळे भाचा या व्याख्येत बसत नाही आणि प्रांतांकडचा अर्ज याच मुद्द्यावर अडकण्याची शक्यता मोठी आहे.

तुमचा मार्ग वेगळा आहे. भाचा मालकाच्या परवानगीने, मोबदल्याविना राहत आला आहे, आणि अशी परवानगी मालकाला काढून घेता येते. नोटिशीत परवानगी रद्द केल्याचे स्पष्ट लिहावे, निघण्यासाठी वाजवी मुदत द्यावी, आणि मुदतीनंतरच्या राहण्याबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवावा. तरीही तो निघाला नाही, तर पुण्यात लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉज कोर्टात) ताब्याचा दावा लावता येईल. 'हक्क लागला' या बोलण्याला घाबरण्याचे कारण नाही, कारण परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षांचा झाला, तरी तेवढ्यावरून तो मालकीविरुद्धचा ताबा, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून दीर्घकाळ ठेवलेला ताबा, ठरत नाही. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच सांगितले: नातेवाईक म्हणून किंवा राखणदार म्हणून फुकट राहिलेल्याला दीर्घ वास्तव्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही. आधारवरचा पत्ता हा राहण्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

मला खरी काळजी त्या पाच हजारांची वाटते. उद्या तो 'मी भाडेकरू आहे' असे म्हणेल, तेव्हा बँकेचा उतारा हाच त्याचा पहिला कागद असेल. आजवरची सर्व रक्कम त्याच्याच खात्यावर परत पाठवा, 'भाडे ठरलेले नाही, रक्कम स्वीकारलेली नाही' असे लेखी कळवा, आणि पुढे जी येईल तीही लगेच परत करा.

उत्तर २ (ठाणे)

आमच्या आईने माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध प्रांतांकडे अर्ज केला होता आणि तिथे तो चालला, कारण तो मुलगा होता. त्यामुळे आमचे पाहून तुम्ही त्या वाटेने जाऊ नका. एक गोष्ट आधी तपासा. भाच्याचे लग्न होऊन पत्नी तिथे नांदत असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील सामायिक निवासाचा, म्हणजे नांदत्या घरात राहण्याच्या हक्काचा, मुद्दा ती उपस्थित करू शकते. सुनांच्या बाबतीत २०२० च्या निकालांनंतर हा मुद्दा फार गांभीर्याने घेतला जातो. तो एकटाच असेल, तर प्रकरण पुष्कळ सोपे आहे.

उत्तर ३ (सातारा)

आत्यांना दुखवायचे नाही म्हणून बाबा गप्प बसले असतील, तर आत्यांशी तुम्ही बोलावे, आणि फोनवर नव्हे, त्यांना प्रत्यक्ष पुण्याला नेऊन. सत्तरी ओलांडलेल्या भावाचे अंथरूण दिवाणावर पडलेले बहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे मला मनापासून वाटते. भाच्याला दुसरीकडे खोली मिळेपर्यंत दोन-तीन महिने द्यायला हरकत नाही, परंतु ती मुदत नोटिशीतच लिहिलेली असावी. तोंडी मुदती अशा घरांत वर्षानुवर्षे वाढत जातात. तो अंगावर येत असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी बाबांच्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तो अविवाहित आहे. पैसे याच आठवड्यात परत करते. बाबांना वरचेवर कोर्टकचेरीची धावपळ झेपत नाही, म्हणून नोटीस मी माझ्या नावाने पाठवली तर चालेल का?

उत्तर १

नाही. सदनिका बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे नोटीस त्यांच्याच नावाने आणि त्यांच्या सूचनेवरून जायला हवी. न्यायालयातल्या खेपा तुम्ही घालाव्यात असे वाटत असेल, तर त्यांच्याकडून मुखत्यारपत्र करून घ्या. खरेदीखत आणि सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) त्या झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात असतील, तर नोटीस जाण्यापूर्वी ते तिथून काढून घ्या.